डिस्क घरची आहे

निशिकांतला न मागता मिळालेली वस्तू सहन होत नसे. विमानात बसल्या बसल्या कुणी हातात ब्लँकेट ठेवलं की तो ते नम्रपणे परत करी, कारण शाल त्याच्या पिशवीत असे. हॉकर सेंटरवरून, म्हणजे खाऊगल्लीतून, इडली आणायला तो घरचा स्टीलचा डबा नेई, चटणीसाठी वेगळी डबी. यामागे चिक्कूपणा नव्हता हे इथेच स्पष्ट केलेलं बरं, कारण त्याची बायको नंदा याबाबत वेगळं मत राखून आहे. निशिकांतच्या मते ते तत्त्व होतं. घरात आहे ते बाहेरून आणायचं नाही. पुण्याहून सिंगापूरला येऊन वीस वर्षं झाली, पासपोर्टचा रंग बदलला, चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला, तत्त्व मात्र जसंच्या तसं राहिलं.

अशा माणसाला कॉम्प्युटर घ्यायचा होता.

तो घ्यायचा होता सासऱ्यांसाठी. मनोहरराव, वय एक्क्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि ते लेकीकडे राहायला आले, ते एक काम बरोबर घेऊनच. काम म्हणजे घराण्याचा कुलवृत्तांत. मूळपुरुष रामभट कोकणातल्या गावातून निघाला तिथपासून चौदा पिढ्या, चारशे बारा कुटुंबं. कोण कुणाचा, कोण दत्तक गेला, कोण घर सोडून गेला तो पुन्हा दिसलाच नाही. त्यांनी आणलेल्या सतरा वह्या हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप झाल्या. एकेक वही संपली तशी निशिकांतने ती रद्दीत दिली, कारण फ्लॅटमध्ये एक वस्तू आत आली की एक बाहेर जावी, हेही त्याचं तत्त्वच होतं.

पुढच्या आठवड्यातल्या रविवारी चिपळूणला कुलसंमेलन होतं आणि त्यासाठी आदल्या शुक्रवारी दुपारपर्यंत फाइल छापखान्यात पोचायला हवी होती. अजून मनोहररावांनी संमेलनाच्या समितीला एक ओळही दाखवली नव्हती. मागच्या आवृत्तीत समितीने त्यांच्या सख्ख्या काकांना निपुत्रिक ठरवलं होतं, आणि काकांना सहा मुलं होती. त्यातली चार तर प्रकाशन समारंभाला समोर बसली होती. तेव्हापासून काम पुरं झाल्याशिवाय समितीच्या हाती काही द्यायचं नाही असं मनोहररावांनी ठरवलेलं होतं. इंटरनेटवर ठेवण्याचा तर प्रश्नच नव्हता. निशिकांत एका बँकेत रिस्क मॅनेजर होता आणि आपली चीज दुसऱ्याच्या घरी ठेवणं त्याला पटत नसे. मनोहररावांची फाइल एका पेनड्राइव्हवर असे आणि तो पेनड्राइव्ह त्यांच्या जानव्याला बांधलेला असे, जिथे पूर्वी तिजोरीची किल्ली असायची.

जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला नंदाच्या कुकरच्या चार शिट्ट्या लागत. शेवटच्या आठवड्यात एवढा वेळ घालवून चालणार नव्हतं. म्हणून शनिवारी सकाळी निशिकांत कॉम्प्युटरच्या दुकानांच्या सहा मजली इमारतीत शिरला आणि तळमजल्यापासूनच त्याचं डोकं फिरलं. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये डिस्क होती. कुणी मागितली होती? त्याच्या घरी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नऊ पेनड्राइव्ह होते. त्याने विक्रेत्याला विचारलं की, कपाट विकताना तुम्ही आत स्वतःचे कपडे घालून विकता का? माझं सामान मी माझ्या जागेत ठेवीन. ही डिस्क काढा आणि मला नुसता कॉम्प्युटर द्या. विक्रेत्याने आधी कॉम्प्युटरकडे आणि मग निशिकांतकडे पाहिलं, आणि वॉरंटीचा कागद पुढे केला. सील तोडता येत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच. पाचव्या मजल्यावर सुटे भाग जोडून देणारा एक पोक्त माणूस भेटला. तो तयार झाला, पण त्यानेही तीनदा विचारलं, "अंकल, नो ड्राइव्ह, हाउ टु स्टार्ट?" निशिकांतपेक्षा तो दहा वर्षांनी तरी मोठा असावा. डिस्क घरची आहे, असं निशिकांतने तिन्ही वेळा सांगितलं, तिसऱ्यांदा जरा घुश्शातच. त्या माणसाने पावतीवर मोठ्या अक्षरांत ‘नो ड्राइव्ह, कस्टमर इन्सिस्ट’ असं लिहिलं आणि खाली निशिकांतची सही घेतली. बँकेत वीस वर्षं लोकांच्या सह्या घेणाऱ्या माणसाला ती सही झोंबली, पण त्याने ती केली.

नवा आला म्हणजे जुना जायला हवा. घराच्या इमारतीखालच्या मोकळ्या वॉइड डेकमध्ये ई-कचऱ्याची कुलूपबंद पेटी होती. तिची फट टपालपेटीच्या तोंडाएवढी, आणि जुना कॉम्प्युटर गोदरेजच्या पेटीएवढा. निशिकांत तो उभा, आडवा, तिरका करून पाहत होता तेव्हा शेजारच्या लिम आंटी लिफ्टमधून उतरल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि कुणी काही चुकीचं करत असलं की त्यांना ते न बघता कळे. त्यांनी सुचवलं की मोठ्या वस्तूंसाठी टाउन कौन्सिलला फोन करावा. निशिकांतने केला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात पुढच्या आठवड्यातली वेळ दिली. पण एवढं थांबायचं तर घरात दोन कॉम्प्युटर राहणार, आणि ते तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा त्याने तिथेच दगडी बाकावर बसून स्क्रू काढले. आत धुळीचं लोकरीसारखं आवरण होतं आणि त्याखाली एक जड, चौकोनी डिस्क. आपला व्यवसाय स्मरून त्याने वर घरी फोन लावला आणि सासऱ्यांना विचारलं की जुन्या मशीनच्या आत काही शिल्लक आहे का.

"छे हो," मनोहरराव म्हणाले. "सगळं माझ्या छातीशी आहे."

फट जणू तिच्यासाठीच केली असावी इतक्या सहज डिस्क आत गेली. तळाशी पडल्याचा आवाज आला. निशिकांतला बरं वाटलं. पत्र्याचा रिकामा सांगाडा तेवढा उरला, तो त्याने तात्पुरता वर नेला.

रविवारी सकाळी मनोहररावांनी नव्या कॉम्प्युटरला फूल वाहिलं आणि निशिकांतने बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली. सुरू होण्यासारखी कुठली वस्तूच सापडत नाही, असा तिचा अर्थ. निशिकांतने श्रीखंडाचा डबा आणला. एकेक पेनड्राइव्ह लावून पाहिला. त्यांत मुलगी ऋताचं बालवाडीचं गॅदरिंग होतं, प्राथमिक शाळेच्या प्रश्नपत्रिका होत्या, कुणाच्या तरी मुंजीचे अकराशे फोटो होते, पण कॉम्प्युटरला त्यातल्या कशातच रस नव्हता. दरवेळी तीच ओळ.

शेवटी जवळच्या बुकित पंजांगहून सौमित्रला बोलावलं. सौमित्र निशिकांतचा कॉलेजमधला मित्र, एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायचा, आणि चुकलेल्या माणसाला लगेच मदत न करता आधी पोटभर समजावायचं असा त्याचा शिरस्ता होता. त्याने पावती वाचली, दोनदा वाचली आणि घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली.

"निश्या, तुला काय वाटतं, बटण दाबल्यावर ह्याला काय ठाऊक असतं?" त्याने विचारलं.

निशिकांतला वाटत होतं की सगळं ठाऊक असतं. सौमित्र म्हणाला, काहीही नसतं. कॉम्प्युटर जिच्या जोरावर भराभर विचार करतो ती मेमरी वीज गेली की पुसली जाते. शेवटचा कण पुसला जातो. दुसऱ्या दिवशी तो उठतो तेव्हा आपण कोण, आपल्याला मराठी येतं का, आकडे येतात का, समोर पडदा आहे की भिंत, यातलं त्याला काही माहीत नसतं. नखाएवढी एक चिप फक्त जागी असते आणि तिला एकच गोष्ट येते, ती म्हणजे आपण कोण हे कुठे लिहून ठेवलंय ते शोधणं. ती डिस्कपाशी जाते, पहिलं पान वाचते, त्यावर दुसरं पान कुठे ते लिहिलेलं असतं. असं वाचत वाचत अर्ध्या मिनिटात तो पुन्हा तोच होतो, काल रात्री झोपला होता तो.

"आणि हे रोज?" निशिकांतने विचारलं.

"रोज. तुझ्या जुन्या मशीनने अकरा वर्षं केलं. आतली तबकडी सेकंदाला शंभराहून जास्त गिरक्या घेते, आणि वाचणारी सुई तिच्यापासून इतक्या कमी अंतरावर तरंगते की मध्ये हळदीचा कण मावायचा नाही. टेकली तर संपलं. अकरा वर्षं टेकली नाही ती."

निशिकांत खुर्चीत बसला. कुकरच्या चार शिट्ट्यांचा आपण आजवर किती तिरस्कार केला ते त्याला आठवलं. त्या वेळात तिथे हे सगळं चाललेलं होतं, हॉलमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी, आणि त्याला पत्ताच नव्हता. बँकेत धोक्याचे कितीतरी तक्ते त्याने पाहिले होते, पण रोज सकाळी स्वतःला विसरून उठायचं आणि न चुकता आठवायचं, हा धोका कुणी पत्करलेला त्याने पाहिला नव्हता.

"मग डिस्क बरोबर का देतात म्हणून तू भांडलास ना?" सौमित्र म्हणाला. "ती सामान ठेवायला नसते रे. आधी ती त्याला जागं करायला असते. जागा उरली तर सामान."

हार मानायची नाही म्हणून निशिकांतने विचारलं की मग हेच पेनड्राइव्हवर नाही का करता येणार. येतं, सौमित्र म्हणाला आणि त्याने तासाभरात एका पेनड्राइव्हवर तात्पुरती सोय करून दिली. कॉम्प्युटर सुरू झाला. निशिकांतने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. तेवढ्यात नंदाचं फडकं टेबलावरून फिरलं, बाहेर लोंबणारा पेनड्राइव्ह टक्कन निघाला आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला. म्हणून ती आत देतात, स्क्रूने आवळून, असं सौमित्रने सांगितलं. बोलता बोलता त्याचा हात पावतीच्या खिशाकडे गेला होता.

सगळं परत सुरू केल्यावर मनोहररावांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली, जानव्याची गाठ सोडली आणि आपला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर फाइलचं चित्र दिसलं. त्यांनी हात जोडले, दोनदा टिचकी मारली. ही वस्तू जागेवर नाही, असं कॉम्प्युटर म्हणाला. त्यांनी पुन्हा टिचकी मारली. ऋता मागे उभी होती. ती वाकली आणि चित्राच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा बाणावर बोट ठेवून सिंगापुरी ढंगात म्हणाली,

"आजोबा, धिस वन ओन्ली शॉर्टकट लाह. फाइल नाहीये ह्याच्यात."

मनोहररावांना तिचं म्हणणं कळलं नाही. सौमित्रने समजावून सांगितलं, या वेळी अगदी थोडक्यात. पेनड्राइव्हवर फाइल कधी गेलीच नव्हती. फाइल कुठे आहे याचा पत्ता तेवढा गेला होता. तीन वर्षं मनोहरराव रोज सकाळी तो पत्ता लावत होते, पत्त्यावरून दार उघडत होतं, ते आत बसून लिहीत होते आणि दार लावून पत्ता पुन्हा गळ्यात बांधत होते. चौदा पिढ्या होत्या त्या आतल्या डिस्कवर, जी तिथे आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

निशिकांतला वाटलं, आता सासरे बोलतील, बोलायलाच हवं. वह्या त्याने रद्दीत दिल्या होत्या. डिस्क त्याने टाकली होती. मनोहररावांनी फक्त पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि नंदाला विचारलं, "घरात एखादी कोरी वही आहे का गं? आठवतं तेवढं लिहून काढतो." आणि ते जेवणाच्या टेबलाशी बसून लिहायला लागले.

निशिकांत पायऱ्यांवरूनच खाली धावला. पेटीच्या फटीत त्याने हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. लिम आंटी भाजी घेऊन परतत होत्या. पिशवीतला भांडी घासायचा नवा साबण फोडून त्यांनी त्याच्या हाताला लावला आणि हात सुटेपर्यंत, पेटीवर लिहिलेलं आधी वाचावं असं त्याला दोन भाषांत सांगितलं. पेटीवर फोन नंबर होता. तो रविवारी बंद असे. सोमवारी लागला तोवर पेटी रिकामी करून गाडी निघून गेली होती.

मग फॉर्म सुरू झाले. पेटीत टाकलेली वस्तू टाकणाऱ्याची राहत नाही, हे त्याला तीन वेगवेगळ्या माणसांनी सौजन्याने सांगितलं. नियम चोख होता. त्याच्या बँकेत त्याने असाच लिहिला असता, किंबहुना असे दोन लिहिलेही होते. विनंतीअर्जात ‘वस्तू टाकण्याचे कारण’ असा रकाना होता. निशिकांतने ‘तत्त्व’ असं लिहिलं, खोडलं आणि ‘चूक’ लिहिलं. घरी मनोहरराव सकाळी सातला वही उघडत ते दुपारचं जेवण सोडल्यास मिटत नसत. त्यांच्या समोरून जाताना निशिकांत चपला हातात घेई. माफी मागायची त्याने चारदा तयारी केली, पण दरवेळी ते मान वर न करता पाणी तेवढं मागत.

गुरुवारी सकाळी परवानगी आली. शहराच्या पश्चिम टोकाला एक गोदाम होतं. निशिकांत रजा टाकून गेला, नंदाही बरोबर गेली. आत शिरल्यावर दोघं दारातच थांबले. छतापर्यंत पिंजरे होते आणि त्यांत कॉम्प्युटर, फोन, टीव्ही. एका बाजूला नुसत्या डिस्क होत्या, ओळीने लावलेल्या निळ्या क्रेटमध्ये, हजारो. पंख्याच्या आवाजाशिवाय तिथे काही ऐकू येत नव्हतं. सौमित्रने सांगितलेलं निशिकांतला आठवलं. यातल्या प्रत्येकीने कुणाला तरी रोज जागं केलेलं होतं. कुणाची बारशी, कुणाचे हिशेब, कुणाची न पाठवलेली पत्रं, सगळं तसंच आत होतं आणि बाहेरून एकही दुसरीहून वेगळी दिसत नव्हती. त्याने नकळत हात जोडले.

सुपरवायझर हिजाब घातलेल्या, चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी चोआ चू कांगचा क्रेट पुढे ओढला. आत चाळीसेक डिस्क होत्या. उद्या सकाळी हा क्रेट चुरा करायला जाणार होता. "सीरियल नंबर हॅव ऑर नॉट?" त्यांनी विचारलं. नंबर नव्हता. नंबराशिवाय देता येत नव्हतं, कारण दुसऱ्याची डिस्क चुकून हाती गेली तर त्याची जबाबदारी कोण घेणार. निशिकांत मान डोलावत राहिला. या नियमाशी वाद घालणं म्हणजे स्वतःच्या धंद्याशी बेइमानी झाली असती.

नंदा मात्र क्रेटवर वाकली होती. तिने एकेक डिस्क डोळ्यांनीच चाळली, हात न लावता, आणि मग बोट केलं. "ती आमची. हळदकुंकू आहे तिच्यावर."

दोन दसऱ्यांपूर्वी सौमित्रने धूळ काढायला मशीन उघडलं होतं. बाबांचं काम ज्या यंत्रावर चालतं त्याची पूजा नुसती वरच्या पत्र्याची काय करायची, म्हणून तिने आत जे सगळ्यात जड दिसलं त्याला बोटं ओढली होती. शनिवारी बाकावर बसून निशिकांतने तो लाल डाग पाहिला होता. त्याला तो गंज वाटला होता.

सुपरवायझर बाईंनी डिस्क उचलून उजेडात धरली. नंदाने मोडक्या इंग्रजीत नाही, पण अडखळत सांगितलं की वर्षातून एकदा आम्ही कामाच्या वस्तूंना नमस्कार करतो. बाईंनी ती पुसट झालेली बोटं नीट न्याहाळली. मग फॉर्मवर ओळखीची खूण या रकान्यात त्यांनी ‘रेड मार्क, प्रेयर’ असं लिहिलं आणि डिस्क दोन्ही हातांनी नंदाच्या ओंजळीत ठेवली.

संध्याकाळी सौमित्रने ती नव्या कॉम्प्युटरच्या आत बसवली आणि स्क्रू निशिकांतला आवळायला लावले. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. कोणी कुरकुरलं नाही. फाइल उघडली, रामभटापासून सहाशे अठ्ठावीस पानं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. नंदा रडली. ऋताने एकेक प्रत तीन ठिकाणी ठेवली, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी, इंटरनेटवर. निशिकांतने हू की चू केलं नाही.

मनोहररावांनी चष्मा पुसला आणि वही निशिकांतपुढे सरकवली. "निशिकांतराव, फाइल पाठवायच्या आधी एक नोंद बदलायची आहे. पहिलं पान."

निशिकांतने वही उघडली. त्याला वाटलं होतं, पहिल्या पानावर रामभट असेल. पहिल्या पानावर नंदा होती. कुलवृत्तांताच्या रिवाजाप्रमाणे लेक लग्न होऊन गेली की तिची एक ओळ उरते, आणि फाइलीत तशी ती होती. वहीत तिचं पूर्ण पान होतं, तिची मुलगी ऋता होती आणि नवरा होता.

"बाबा, मूळपुरुष मागे का?" त्याने विचारलं.

"त्याला तीनशे वर्षं कुणी विसरलेलं नाही. या वयात माझं आधी काय पुसलं जाईल ते सांगता येत नाही. म्हणून जे राहायलाच हवं ते आधी लिहिलं."

निशिकांत टाइप करायला बसला. नंदाची जन्मतारीख, शिक्षण, ऋताचं नाव. मग स्वतःची नोंद आली. ‘जावई निशिकांत, सिंगापूर येथे बँकेत धोके ओळखण्याचे काम. स्वभाव हट्टी. माझी पत्नी गेल्यावर मला आपल्या घरी घेऊन आले. परत कधी जाणार, असे तीन वर्षांत एकदाही विचारले नाही.’

तो शेवटच्या वाक्याशी थांबला.

"बाबा, हे वाक्यही घ्यायचं?"

"ते घ्याच," मनोहरराव म्हणाले. "समितीला जागा कमी पडली तर बाकीचं कापू देत."